पुलाला पाण्यात पाहणारी

एखाद्याचा दुस्वास करणं, त्याचं बरं न बघवणं, याला आपण पाण्यात पाहणं म्हणतो. पूल खात्यातल्या या बाईवरून तिच्या ऑफिसात हाच विनोद चालायचा. म्हणे ही पुलाला पाण्यात पाहते. विनोद खोटाही नव्हता, कारण तिचं कामच ते. पुलाचे खांब पाण्याखाली जिथे तळात शिरतात तिथे काय चाललंय, हे बघायचं आणि सांगायचं. पुढे पुढे सगळं ऑफिसच तिला पाण्यात पाहायला लागलं, तेव्हा मात्र तो विनोद कुणी मोठ्याने सांगेना.

हुद्दा उपअभियंत्याचा. टेबल जिन्याखाली, जिथे पंख्याचं वारं पोहोचत नाही आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण डोकं आपटून घेतो. बाकीच्यांच्या टेबलाखाली चपला असायच्या, हिच्या टेबलाखाली गाळाने भरलेले गमबूट. शिपाई रोज फरशी पुसायचा आणि रोज करवादायचा. त्यानेच तिला गमबूटबाई हे नाव दिलं आणि ते साहेबांपर्यंत पोहोचलं. बाईमाणसाने नजर खाली ठेवावी असं सांगणारी माणसं त्या ऑफिसात काही कमी नव्हती. हिने खरोखरच ठेवली, तर ते एकालाही सोसवेना.

सोसवणार कसं? पूल म्हणजे वरचा रस्ता, एवढीच सगळ्यांची अक्कल. पाऊसकाळाच्या आधी कठड्याला काळे-पिवळे पट्टे मारायचे, दिवे बदलायचे, खड्ड्यात डांबर ओतायचं, की झाली देखभाल. नवरदेवाला फेटा बांधला आणि पायात जोडा आहे की नाही ते बघितलंच नाही, अशातली गत. पूल उभा असतो पायावर, आणि पाया असतो तळात, आणि तळ असतो नदीच्या ताब्यात. हे सांगायला इंजिनियर कशाला हवा? पण सांगणारा दिसला की लोक घड्याळ बघतात.

पूर आला की पाणी खांबावर आपटतं. आपटलेलं पाणी थोडं बाजूने निघून जातं आणि बाकीचं खांबाच्या पुढच्या अंगाने सरळ खाली घुसतं. तिथे ते तळ उकरतं, कुत्रं मऊ माती उकरतं ना, तसं. पूर जेवढा जोरात तेवढा खड्डा खोल, आणि खड्डा पायाच्या खाली गेला की पाया त्या बाजूने अधांतरी. माणसाच्या पायाखालची वाळू सरकली तर त्याचा चेहरा तरी पडतो. पूल तसाच उभा असतो, काळे-पिवळे पट्टे लावून.

आणि नदीची खरी लबाडी तर पुढेच आहे. पूर ओसरताना पाणी मंदावतं, वाहून आणलेला गाळ खाली बसतो आणि आपणच केलेला खड्डा नदी आपणच बुजवून टाकते. खात्याचा नियम काय, तर मोजमाप पाणी ओसरल्यावर करायचं. म्हणजे चोराने जाताना घर झाडून काढावं, सामान जागच्या जागी लावावं, आणि पोलिसांनी ते बघून चोरी झालीच नाही म्हणावं. खात्याची माणसं कठड्यावरून दोरीला बांधलेलं वजन खाली सोडायची. ते गाळावर जाऊन बसायचं. दरवर्षीएवढीच दोरी लागली की साहेब म्हणायचे, "भरलंय सगळं. पुढे चला."

भरलंय. हा शब्द ऐकला की गमबूटबाईच्या कानशिलाची शीर उडायची. आत पू तसाच ठेवून वर कातडी आली तर जखम भरली असं कुठला डॉक्टर म्हणतो? कालचा सैल गाळ आणि शेकडो वर्षं दाबून बसलेला तळ यांत फरक आहे की नाही? पुढच्या पुरात तो गाळ पहिल्या तडाख्यात निघून जाणार, आणि खड्डा आधीच तयार आहे म्हटल्यावर पाणी त्याच्याही खाली उकरणार. ती हे सांगायची. वरून खालपर्यंत सगळे माना डोलवायचे आणि डांबराचा ट्रक मागवायचे.

शहराच्या मधोमध जो जुना पूल होता, त्याच्यापलीकडे तिची ताई राहायची. ताई म्हणजे नुसती थोरली बहीण नव्हे. आई गेली तेव्हा ही शाळेत जायची, आणि ताईने लग्नात आहेर म्हणून भांडीकुंडी न आणता ही बहीण आणली. भाऊजींनी कधी त्याचा उच्चार केला नाही. भाऊजी घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास खाली मान घालून बसायचे, आणि ही त्यांच्या शेजारी बसून गणितं सोडवायची. खाली मान घालायची सवय हिला तिथूनच लागली असणार.

मग भाऊजींची मूत्रपिंडं गेली. आता एक दिवसाआड डायलिसिसला पूल ओलांडून अलीकडच्या इस्पितळात यायचं. घरून निघालं की चहा निवायच्या आत दारात. परतताना नवरा-बायको बऱ्याचदा गमबूटबाईकडे थांबायचे. सायकलच्या दुकानावरच्या तिच्या दोन खोल्यांत भाऊजी खाटेवर आडवे व्हायचे, ताई स्वयंपाकघराचा ताबा घ्यायची आणि डबे नीट लावले नाहीत म्हणून बहिणीला बोल लावायची.

"मेव्हणीबाई," भाऊजी एकदा डोळे मिटूनच म्हणाले होते, "तुमच्या पुलाला मधोमध उचकी लागते. रिक्षा तिथे हटकून आपटते."

"डांबर टाकलंय की हो मागच्याच महिन्यात," ताई आतून म्हणाली.

"टाकलंय ना. उचकीवर पाणी पाजावं तसं. तेवढ्यापुरती थांबते."

गमबूटबाई हसली. उचकी कुठे लागते ते तिला ठाऊक होतं. मधल्या खांबावर, जिथे पुलाचे दोन तुकडे एकमेकांना भेटतात. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला. खड्डा पडलाय म्हणून दरवर्षी तिथे डांबर पडायचं आणि दरवर्षी ते पुन्हा खाली जायचं. वर डांबराने भरलेलं, खाली गाळाने भरलेलं, आणि मधे खांब.

या वर्षीच्या पावसात नदी धोक्याच्या खुणेला लागली आणि गमबूटबाईने पूल बंद केला. पूर असताना तेवढा अधिकार तिच्या हुद्द्याला होता. दोन्ही टोकांना लोखंडी अडथळे, साखळ्या, पाटी. कुणाला काही वाटलं नाही, पुरात पूल बंद करतातच. पूर येऊन गेला. पूल जागच्या जागी. लोक अडथळे निघायची वाट बघत उभे राहिले, आणि ही बाई अडथळे काढीना.

"पायाची तपासणी होईपर्यंत पूल उघडणार नाही," तिने सांगितलं.

मग काय विचारता. दुकानदार चिडले, रिक्षावाले चिडले, शाळा चिडल्या. वरच्या अंगाला दुसरा पूल होता, पण तिकडून यायचं म्हणजे दगडखाणीच्या रस्त्याने शहराला मोठा वळसा, आणि रस्ता असा की बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हावीत. ऑफिसचा फोन खणखणू लागला. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली त्याच पुलाचा फोटो होता, वरून काढलेला.

"बाई, एवढा पूर पुलाने झेलला. याहून मोठी परीक्षा कोणती?"

"झिजलेल्या दोराने एकदा वजन पेललं म्हणजे तो नवा होतो का, साहेब?"

"वजन सोडून बघितलं आपण. भरलंय."

"गाळाने भरलंय. त्या गाळावर तुम्ही खुर्ची टाकून बसाल?"

साहेब खुर्चीत मागे रेलले. अशा माणसांचा राग कधी आवाजात येत नाही. "तुमची तळमळ समजते मला," ते म्हणाले. तळमळ. मोजमाप सांगितलं तर ऐकणाऱ्याने त्याला तळमळ म्हणावं, याएवढा दुसरा अपमान नाही. दात आवळून ती बाहेर आली.

ऑफिसचं तिला काही वाटलं नसतं. ते पहिल्यापासूनच तसं होतं. पण ताईचा फोन आला.

"पूल उभा आहे ना?"

"आहे."

"मग?"

"ताई, उभा आहे म्हणून भक्कम आहे असं नाही."

"मला ते शिकवू नकोस. त्या खाणीच्या रस्त्याने यांना ओकाऱ्या होतात. मशीनवरून उठवून आणलं की पायांत गोळे येतात, आणि तसंच त्यांना आदळत-आपटत न्यायचं. काल ट्रकच्या मागे अडकलो. पोहोचलो तर यांची अर्धी वेळ संपलेली, मशीनवर दुसरा माणूस वाट बघतोय. अर्धंच झालं. पाय बघ येऊन, बोट दाबलं तर खड्डा पडतोय."

गमबूटबाई त्याच संध्याकाळी वळशाने पलीकडे गेली. भाऊजी उशीला टेकून बसले होते, दम लागत होता. त्यांनी हाताने या म्हटलं आणि उगाच म्हणाले की रस्ता फार काही वाईट नाही, देखावा छान आहे. ताईने पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला, तोही आपटून. त्यानंतर ताई तिच्याशी बोलायची थांबली.

बोलायची थांबली ती तिच्याशी. जगाशी नाही. पुढच्या आठवड्यात अडथळ्याजवळ लोकांनी सभा घेतली, आणि सगळ्यांत पुढे ताई. "ही बाई माझी सख्खी बहीण," ती साखळीला धरून म्हणाली. "हिच्या वेण्या मी घातल्या, हिला शाळेत मी सोडलं. आज ही माझ्या आजारी माणसाला गावभर फिरवतेय. मी माझ्या बहिणीला विचारते, पूल पडायची वाट बघायची की माणूस?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. गमबूटबाई साखळीच्या अलीकडे उभी होती. तिला वाटलं, या टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या एकाने तरी कधी पुलाखाली वाकून बघितलंय का? आणि त्याच वेळी हेही वाटलं की ताईचं काय चुकलं. दोन्ही गोष्टींनी तिला सारखाच संताप आला.

साहेबांनी तर ती सभा डोक्यावरच घेतली. "तुमच्या घरच्यांनाच तुमचं पटत नाही, बाई," ते म्हणाले. मग त्यांनी पूल पुन्हा सुरू करण्याचा कार्यक्रम ठरवून टाकला. फीत, खुर्च्या, वार्ताहर. पडलेला पूल बांधला असता तरी एवढा थाट केला नसता.

"कार्यक्रमाच्या आधी मला मधल्या खांबापाशी सळई घालून बघू द्या," ती म्हणाली. "सगळ्यांच्या देखत. सळई अडली तर साखळी मी माझ्या हाताने काढते."

साहेबांनी विचार केला. नदी उतरली होती, मधल्या खांबापाशी गुडघाभर पाणी, तळ सपाट आणि स्वच्छ दिसत होता. "दाखवाच," ते म्हणाले. "म्हणजे एकदाचं तोंड बंद होईल." कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या सकाळी वर पुलावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि लोक कठड्यावरून खाली वाकून बघत होते. ताईही पलीकडच्या काठाने उतरून वाळूत उभी होती. गमबूटबाईने लांबलचक लोखंडी सळई आणली होती. नकाशावरून मोजून, खांबाचा पाया जिथे संपतो त्या मापावर सळईला लाल चिंधी बांधली होती. आधी ती खांबापासून बरीच लांब, जिथे पुराने तळ उकरला नव्हता तिथे गेली. दोन मजुरांनी सळईवर अंग टाकलं. सळई वीतभर गेली, करकरली आणि थांबली. मजुरांनी घाम पुसला.

मग खांबाच्या पुढच्या अंगाला तिने एक फळी टाकली, उभं राहिलं तर गाळात रुतू नये म्हणून. मजूर पुढे झाले तर तिने त्यांना थांबवलं.

"ताई," तिने हाक मारली. "तू ये."

ताई हलली नाही. मग लोक बघतायत म्हणून की आणखी कशामुळे, कपडे खोचून ती पाण्यात उतरली आणि फळीवर येऊन उभी राहिली. बहिणीकडे न बघता तिने सळई धरली आणि सगळा राग एकवटून खाली दाबली.

एवढ्या जोराची गरजच नव्हती. सळई गेली. ताईचा तोल गेला, गमबूटबाईने तिला दंडाला धरून सावरलं. ताईने हात वर सरकवले, पुन्हा दाबली, पुन्हा गेली. लाल चिंधी पाण्याला लागली, पाण्यात गेली, गाळात दिसेनाशी झाली. सळई अजून जातच होती. ताईचे हात पाण्याखाली गाळाला टेकले तेव्हा ती थांबली, कारण धरायला सळईच उरली नव्हती.

वर कुणी तरी खुर्ची सरकवली.

"गाळ आहे," साहेब कठड्यावरून म्हणाले. "गाळात सळई जाणारच."

"तेच सांगतेय मी, साहेब. पुढच्या अंगाला पायाखाली गाळ आहे. मागच्या अंगाचा जेवढा टेकू उरलाय तेवढ्यावर हा पूल उभा आहे."

साहेब कसलेले. दुसरा कुणी असता तर चडफडला असता, निदान लाजला असता. त्यांनी दोनदा खाली बघितलं, एकदा वार्ताहरांकडे बघितलं, आणि फीत कापायची कात्री शिपायाच्या हातात देऊन बोलण्याची गाडी जी मागे वळवली ती इतक्या सफाईने की बघणाऱ्याने थक्क व्हावं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगू लागले की याचसाठी खात्याने वेळीच पूल बंद ठेवला होता. नागरिकांची गैरसोय झाली, पण जीव महत्त्वाचा. खातं गाफील नव्हतं. "आमच्या या बाईंनी तर गेल्या वर्षीच हा खांब शोधून काढला होता. लेखी दिलं होतं त्यांनी. आम्हाला आधीपासून कल्पना होती."

गमबूटबाईने वर बघितलं. वर्षभर डांबर ओतणारा हा माणूस. तळमळ म्हणणारा. आता तिच्याच सळईवर चढून उभा. चांगलं खरमरीत उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. ती तोंड उघडणार तेवढ्यात शेजारून ताई बोलली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"गेल्या वर्षी?"

गमबूटबाईने वळून बघितलं. ताईचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते.

"शंका होती, ताई. साहेबांना सांगितलं होतं. दोनदा सांगितलं."

"साहेबांना."

"खात्यातलं खात्यातच सांगायचं असतं. बाहेर बोललं तर लोक घाबरतात, अफवा उठतात. आणि खात्री नव्हती. सळई घालायची परवानगी मिळेना."

"यांना घेऊन मी वर्षभर यावरून गेले," ताई म्हणाली. तिचा आवाज सभेतल्यासारखा चढला नाही. "एक दिवसाआड. जाताना आणि येताना. तुझ्या घरी जेवून, तुझ्या खाटेवर निजून, याच पुलावरून परत. तू खिडकीतून हात करायचीस."

"मला वाटलं ते काही तरी करतील."

"ते नाही करत, हे तूच तर दरवेळी येऊन सांगायचीस मला. किती हसायचो आपण त्यांना."

साहेब वर बोलतच होते. त्यांच्यावरचा राग कुठे गेला नव्हता, पण तो आता ताईपुढे ठेवण्यासारखा राहिला नव्हता.

"मला नुसतं सांगितलं असतंस," ताई म्हणाली. "कुणाला न कळता मी वळसा घातला असता. गेल्या वर्षी त्यांना तो रस्ता सोसला असता."

तिने वाकून नदीच्या पाण्यात हात धुतले. मग फळीवरून उतरली आणि पाणी तुडवत पलीकडच्या काठाला निघाली. भाऊजींना इस्पितळात न्यायची वेळ झाली होती.